अंतुले, अब्दुल रहमान
(९ फेब्रुवारी १९२९–२ डिसेंबर २०१४). महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. जन्म रायगड जिल्ह्यातील आंबेत येथे. इंदिरा गांधींशी असलेली निष्ठा हेच या बॅरिस्टरचे मोठे राजकीय भांडवल. तिच्याच बळावर जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

निर्णयांचा त्यांचा झपाटा विलक्षण होता. संजय गांधी निराधार योजना आणि कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामांतर त्यांच्याच काळातले.

पण याच कारकिर्दीत सिमेंट प्रकरण घडले. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. बिल्डरांना सिमेंटचा कोटा आणि त्या बदल्यात अंतुल्यांच्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ला देणग्या, हा व्यवहार १९८१ मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून उघड केला. प्रतिष्ठानला इंदिरा गांधींचे नाव दिल्याने प्रकरणाची झळ थेट दिल्लीपर्यंत गेली. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी प्रतिकूल निकाल दिला आणि अंतुल्यांना पद सोडावे लागले.

या प्रकरणी त्यांच्यावर चाललेला खटला रेंगाळला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा १९८४ चा स्वतःचाच आदेश चुकीचा ठरवला. कायद्याच्या अभ्यासकांसाठी हा निकाल आजही महत्त्वाचा आहे. अंतुले पुढे दोनदा केंद्रीय मंत्री झाले, मुख्यमंत्रिपद मात्र पुन्हा मिळाले नाही. २००९ मध्ये रायगडातून अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला.