झुलीच्या वाद्या

परवा न्यूझीलंडहून नातीचा फोन आला, रडतच. घोडा कुरणात सोडला होता, झुलीची मागची वादी ढिली राहिली आणि लोळून उठताना त्याचा पाय तीत अडकला. बिथरून उधळला. थोडक्यात निभावलं.

जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस धीर तरी कसा देणार? इतिहासच सांगत बसलो!

त्या देशात पहिले घोडे सॅम्युअल मार्सडेन या पाद्र्याने १८१४ साली उतरवले. इंग्लंडात घोडा थंडीत तबेल्यात बांधलेला. पाठीवर घोंगडं टाकून पोटाभोवती पट्टा आवळला की भागे. (खोगिराखालच्या गादीला इंग्रज 'नम्ना' म्हणतात, तो आपला नमदाच.) न्यूझीलंडात थंडी बेताची, घोडे बाहेरच. बाहेरचा घोडा लोळणार, पळणार. एकट्या पट्ट्यावर झूल पोटाखाली सरकते, आणि पट्टा फार आवळला तर पाठ सोलवटते. म्हणून कॅनव्हासच्या झुलीला मागच्या मांड्यांभोवती दोन वाद्या आल्या, एक दुसरीत ओवलेली. त्यामुळे मांड्या घासत नाहीत, आणि सरकलेली झूल चालता चालता जागेवर येते. इंग्रजांनी तिला नाव दिलं 'न्यूझीलंड रग'. खुद्द तिकडे मात्र नुसतं 'कव्हर'!

पुढे कॅनव्हासच्या जागी हलकं नायलॉन आलं, पण वाद्या टिकल्या. झूल काढताना त्या आधी सोडायच्या, छातीचं बक्कल शेवटी. नाहीतर झूल पायांत लोंबते आणि जनावर घाबरतं.

"आजोबा, हे सगळं मला माहीत आहे हो," ती म्हणाली, "शाळेची बस चुकत होती."