लांडग्याला वकील मिळाला, मेंढपाळाचे काय?

सांगली जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन तालुके आहेत. पश्चिमेला पावसाचा शिराळा, पूर्वेला माणदेशातली कोरडी आटपाडी. वन्यजीव कायद्याचा इतिहास ही दोन नावे शेजारी ठेवून वाचावा, असे आम्हाला वाटते.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग पकडून आणायचे, पूजायचे, मिरवायचे ही जुनी प्रथा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशभर लागू होता, पण पंचमीच्या दिवशी शिराळ्यात तो जणू रजेवर असे. प्राणीमित्र जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये जिवंत नाग पकडण्यावर बंदी आली. आम्ही या निकालाच्या बाजूने आहोत. नाग दूध पीत नाही हे सांगायला खरे तर न्यायालय लागू नये. पण श्रद्धा मतपेटीला चिकटली की लागते.

गाव मात्र गप्प बसले नाही. आमदार-खासदारांनी दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला आणि २०२५ मध्ये केंद्राने ‘शैक्षणिक’ कारणासाठी मोजके नाग पकडण्याची परवानगी दिली.

आता हाच कायदा गारुड्यावर चालला तेव्हाचे आठवा. टोपली गेली. दरवेशाचे अस्वल गेले, पारध्याचे जाळे गेले. इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या पारध्याच्या कपाळावरचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. वीसच वर्षांत त्याची शिकार गुन्हा ठरली. प्राणी वाचायलाच हवे होते. पण पोटाची दुसरी सोय कोणी केली? त्यांच्यासाठी कोणता खासदार दिल्लीला गेला?

न्यायालयात कोण हजर आहे, यावर पुष्कळ ठरते. वनहक्क कायद्याला काही वन्यजीव संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. १३ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला. दहा लाखांहून अधिक दाव्यांचा प्रश्न होता आणि केंद्र सरकारने कायद्याची बाजू नेटाने मांडली नाही. देशभर आदिवासी संघटना उठल्या, मग सरकार धावले आणि २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली. पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत लोकांची झोप उडाली ती वाघामुळे नव्हे.

आटपाडीत आता लांडगा आहे. २०२३ मध्ये इथले सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर वनक्षेत्र ‘संवर्धन राखीव’ झाले. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. ठीक. पण तो माळावर शतकानुशतके मेंढरांच्या मागे राहिला, धनगराशी भांडत आणि तरी टिकत. माळ संपला तर दोघेही संपतील.

कायद्याचे कलम ३६-अ सांगते की असे क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी स्थानिक समुदायांशी विचारविनिमय हवा. कलम ३६-ब मधल्या समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, वन्यजीव संस्थांचे तीन. मेंढपाळाला, भूमिहीनाला वेगळी जागा नाही. ग्रामपंचायतीचा तो एक माणूस कोणत्या वाड्यातून येतो, हे आम्ही सांगायला नको.

शंकरराव खरात याच आटपाडीचे. तराळकी करणाऱ्या घरातला हा मुलगा वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. तराळाने दुसऱ्याचा निरोप पोचवायचा असतो, स्वतःचे म्हणणे मांडायचे नसते. ही रीत त्यांनी मोडली. बाबासाहेबांनी कलम ३२ ला घटनेचा आत्मा म्हटले, ते काही वन्यजीव संस्थांपुरते नव्हे.

आपल्या तालुक्यातल्या वकील मुलामुलींनी आधी माहिती अधिकारात अर्ज टाकावा: विचारविनिमय कोणत्या तारखेला झाला, कोणत्या वस्तीत, इतिवृत्तावर कोणाच्या सह्या आहेत, चराईबद्दल काय ठरले. उत्तर हाती आले की पुढची याचिका लांडगा आणि मेंढपाळ दोघांच्याही नावाने लिहिता येईल.