एकशे सहा दिवसांची प्रतीक्षा : जंतू ओळखण्याचा आणि त्याचे औषध ठरवण्याचा इतिहास

१/ क्षयाच्या जंतूवर कोणते औषध चालत नाही, हे रूढ पद्धतीने कळण्यास किती काळ लागे? २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात हा मध्यक १०६ दिवस भरला. या साडेतीन महिन्यांत रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राही, खोकत राही आणि घरातल्यांना रोग देत राही. हा धागा त्या प्रतीक्षेचा इतिहास सांगतो.

२/ प्रारंभ बर्लिनमध्ये होतो. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यांचे खरे बळ होते एकाच जातीचा जंतू इतरांपासून वेगळा काढून वाढवण्याच्या तंत्रात. आरंभी ते उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर, पुढे जिलेटिनवर जंतू वाढवीत. पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळे आणि काही जंतू तर ते पचवूनच टाकीत.

३/ या अडचणीवरचा उपाय स्वयंपाकघरातून आला. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस मुरंबे-जेली घट्ट करण्यासाठी समुद्रशैवालापासून बनणारे अगर वापरीत. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते ठाऊक झाले होते. आपल्याकडे हाच पदार्थ ‘चायना ग्रास’ म्हणून परिचित आहे. अगर उबेत वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना पचतही नाही. कॉख यांनी अगराचा उल्लेख केला, फॅनी हेस यांचा मात्र केला नाही.

४/ १८८७ मध्ये कॉख यांचे सहायक युलिउस पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी आणली आणि आजच्या जंतुशाळेचे मूळ साहित्य पुरे झाले. परंतु वेळेचे गणित जंतूच्याच हाती राहिले. आतड्यातला ई-कोलाय अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून एका रात्रीत त्याची वसाहत डोळ्यांना दिसते. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट होण्यासच पंधरा ते वीस तास लागतात. त्याची वसाहत दिसण्यास आठवडे जातात.

५/ पहिला वेगवान मार्ग रंगाने दाखवला. १८८४ मध्ये डॅनिश वैद्य हान्स क्रिस्तियान ग्राम बर्लिनमध्ये फुप्फुसाच्या ऊतींत जंतू स्पष्ट दिसावेत म्हणून खटपट करीत होते. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल : काही जंतू रंग धरून ठेवीत, काही सोडून देत. कारण त्यांच्या पेशीभित्तिकांची घडण भिन्न असते. आपली पद्धत सदोष आणि अपूर्ण असल्याचे ग्राम यांनी स्वतःच लिहिले होते. आजही जगभर नमुन्याची पहिली विभागणी बहुधा तिनेच होते, आणि तीही काही मिनिटांत.

६/ पण ओळख पटली म्हणून रुग्ण वाचत नसे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा शत्रूचे नाव ठाऊक होते, त्याला मारणारे औषध मात्र कोणाकडेही नव्हते. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस निरोग्यांसाठी होती. आजारी पडलेल्यांसाठी शुश्रूषेपलीकडे फारसे काही नव्हते.

७/ औषधांचे युग आले, तेव्हा एक नवा प्रश्न उभा राहिला : कोणत्या जंतूवर कोणते औषध? १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवती जंतू विरघळलेले दिसले. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी अगरवर लहान नळकांडी उभी करून त्यांत पेनिसिलिन घातले आणि भोवती जंतू न वाढलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजला. हेतू औषधाची तीव्रता मोजण्याचा होता, पण हेच वर्तुळ उलट्या बाजूने वाचले की जंतूची दुर्बलता कळते.

८/ त्याच ऑक्सफर्डमधून १९४० च्या डिसेंबरात एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी कळवले की काही जंतू पेनिसिलिनचा नाश करणारे विकर तयार करतात. औषध बाजारात यायचे होते आणि प्रतिकाराची नोंद आधीच झाली होती. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला.

९/ तो इशारा क्षयाच्या वॉर्डात खरा ठरला. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. यश मोठे होते, पण औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या जंतूंनी काही महिन्यांतच प्रतिकार मिळवला. क्षयाला एकाच वेळी अनेक औषधे द्यावीत, हा नियम या अनुभवातून घडला.

१०/ इतर जंतूंसाठी कागदी चकत्यांची पद्धत रूढ झाली. अगरवर जंतू पसरायचा, त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या चकत्या ठेवायच्या आणि रात्रीनंतर वर्तुळे मोजायची. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे माध्यम वेगळे, चकती वेगळी, निकषही वेगळे. एकाच जंतूला एक शाळा ‘संवेदनशील’ म्हणे, तर दुसरी ‘प्रतिकारक’.

११/ हा गोंधळ १९६६ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी आवरला. माध्यम, जंतूंचे प्रमाण, तापमान आणि व्यासांचे तक्ते यांची त्यांनी निश्चिती केली. आज डॉक्टरांच्या हाती पडणाऱ्या ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’च्या अहवालामागे हीच शिस्त आहे. त्यातला वेळ मात्र चुकला नाही : एक रात्र जंतू वाढण्यास, दुसरी वर्तुळे उमटण्यास. रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाला तेवढी उसंत नसते, म्हणून डॉक्टर अंदाजाने व्यापक प्रतिजैविक सुरू करतात आणि अशा वापराने प्रतिकार आणखी वाढतो.

१२/ हा काळ घटवण्याचा एक प्रयत्न अवकाशविज्ञानातून आला. अमेरिकी अवकाश संस्थेसाठी मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीने जंतू मोजणारे स्वयंचलित यंत्र विकसित केले होते. १९७० च्या दशकात त्यातून रुग्णालयांसाठीचे ‘व्हायटेक’ उभे राहिले. लहान कप्प्यांतली वाढ प्रकाशाने सतत मोजली जाई, त्यामुळे निकाल काही तासांवर आला. क्षयाचा संथ जंतू मात्र या सोयीबाहेरच राहिला. आधी तो वाढवायचा, मग औषध मिसळलेल्या माध्यमावर पुन्हा वाढवायचा. दोन संथ वाढींची बेरीज महिन्यांत होई.

१३/ त्या महिन्यांची किंमत मुंबईने मोजली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे आढळले. पुढे डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. ‘संपूर्ण औषधप्रतिरोधी’ या संज्ञेवर सरकारने आक्षेप घेतला. परंतु त्यांपैकी तिघांना अनेक डॉक्टरांकडून एकेक औषध वाढवत, अनेकदा चुकीच्या मात्रेत, उपचार मिळाले होते, ही नोंद त्याहून गंभीर होती.

१४/ जंतू वाढण्याची वाट न पाहता त्याचा जनुक थेट वाचला तर? १९९३ मध्ये असे दिसले की रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला होणारा प्रतिकार बहुतेक वेळा एकाच जनुकाच्या सुमारे ८१ अक्षरांच्या तुकड्यातील बदलांमुळे होतो. म्हणजे महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका छोट्या जागी लिहिलेले होते.

१५/ ते वाचणाऱ्या यंत्राचा पूर्वेतिहास टपालाशी जोडलेला आहे. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पत्रे पोहोचली, पाच जण मृत्यू पावले आणि नंतर तेथील टपाल केंद्रांत ‘जीनएक्सपर्ट’ तंत्राची यंत्रे जंतू हुडकण्यासाठी बसली. याच तंत्राची क्षयचाचणी लिमा, बाकू, केपटाउन, डर्बन आणि मुंबई येथील १,७३० रुग्णांवर पारखली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आले : दोन तासांच्या आत क्षयाचे निदान आणि रिफाम्पिसिनप्रतिकाराचाही निकाल. त्याच डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली.

१६/ तरी यंत्राला अखंड वीज आणि बऱ्यापैकी थंड खोली लागे, आणि या दोन गोष्टी अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत नसतात. बॅटरीवर चालणारी ‘ट्रूनॅट’ ही चिपवर आधारित भारतीय चाचणी गोव्यातील मोल्बायो कंपनीने आणली. २०२० मध्ये तिलाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

१७/ जनुक वाचणाऱ्या चाचणीच्याही मर्यादा आहेत. ज्या बदलांसाठी ती घडवलेली असते, तेच तिला दिसतात. मेलेल्या जंतूचा डीएनएही ती मोजते. नवे औषध आले की जंतू प्रत्यक्ष वाढवूनच त्याची परीक्षा घ्यावी लागते. म्हणून दोन तासांत निकाल देणाऱ्या यंत्राशेजारी, फॅनी हेस यांच्या स्वयंपाकघरातून आलेल्या अगरच्या बशा आजही उबवणीयंत्रात ठेवल्या जातात.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास