धाब्याचे घर आणि अच्युत कानविंदे

आपल्या बॅचमधून बांधकामाच्या धंद्यात मी एकटाच पडलो. त्यामुळे स्मरणिकेसाठी इमारतींवर लिहायचे काम माझ्याकडे आले. मी एका मराठी माणसाच्या फर्मविषयी लिहितो.

अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकून ते सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेत लागले आणि सरकारनेच त्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवले. तिथे वॉल्टर ग्रोपियस शिकवत होते, जर्मनीतल्या प्रसिद्ध बाउहाउसचे संस्थापक. इमारतीला वरून नक्षी-कमानी चिकटवायच्या नाहीत, ती कशासाठी बांधायची ते आधी बघायचे, हा त्या शाळेचा विचार. १९४७ मध्ये कानविंदे परतले. अहमदाबादला कापड उद्योगाच्या संशोधनासाठी उभी राहिलेली 'अटिरा' ही त्यांची सुरुवातीची इमारत. सरळ रेषा, नक्षीचे नाव नाही. १९५५ मध्ये त्यांनी अभियंते शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत 'कानविंदे अँड राय' सुरू केली.

पण हार्वर्डचे धडे आपल्या उन्हात जसेच्या तसे चालत नाहीत. हे त्यांनी ओळखले, म्हणून मला ते मोठे वाटतात. भाच्याला सोडायला भुसावळहून पुष्पकने कानपूरला गेलो तेव्हा आयआयटी पाहिली. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा परिसर याच फर्मचा. काँक्रीटचा सांगाडा, मध्ये उघड्या विटा, गाड्यांचे रस्ते कडेने आणि इमारतींना जोडणारे छताचे लांब रस्ते. भर दुपारी मी सावलीतून चालत होतो, डोक्यावर रुमालही नव्हता. पुढे मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी हवा खेळती ठेवायला उंच धुराड्यांसारखे झोत-मार्ग काढले आणि तेच त्या इमारतीचे रूप झाले. १९७४ ला पद्मश्री मिळाली; २००२ मध्ये ते गेले. फर्म अजून चालू आहे.

आता आपल्याकडे या. वरणगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. जाड भिंती आणि वर मातीचे धाबे, ही आपल्या आजोबांची युक्ती. वडिलांचे तसले घर मीच पाडले आणि स्लॅब टाकला. रात्री अकरा वाजताही तो तापलेलाच असतो. बायको अजून ऐकवते. धाबे दरसाल लिंपावे लागते, गळते, हे खरे. पण पाडताना त्याच्या जागी सावलीचा विचार करायला मला कोणी अडवले नव्हते.

शाळेतला पत्र्याचा वर्ग आठवतो ना? वार्षिक परीक्षेत पेपरवर घामाचे थेंब पडायचे आणि सर दाराबाहेर निंबाखाली उभे राहून लक्ष ठेवायचे.

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून दोन नव्या खोल्या बांधायच्या आहेत. नकाशा माझ्याकडे तपासायला आला. त्यात नुसता सपाट स्लॅब होता. मी पश्चिमेला आणि दक्षिणेला आठ फुटी व्हरांडा पेन्सिलीने काढला आहे आणि वरच्या बाजूला गरम हवा जायला झरोके. खर्च वाढणार. आकडा मेळाव्याला आणतो, तिथे भांडू.