कुलूप, किल्ली आणि एक इंजेक्शन

एप्रिल २०२१. धाकटा भाऊ पुण्यात ऑक्सिजनवर होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर टोसिलिझुमॅब हे नाव लिहून दिले. निरगुडसरहून मंचर, मंचरहून पुणे, दिवसभर मी आणि पुतण्या हिंडलो. कुठेच मिळाले नाही. चौथ्या दिवशी भाऊ गेला. ते नाव मात्र मनात रुतून बसले. पुढे सवडीने त्याचा इतिहास वाचला, तो इथे मांडतो.

रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात आणि पेशीच्या अंगावर तो निरोप घेणाऱ्या प्रथिनाला रिसेप्टर. किल्ली आणि कुलूपच म्हणा ना! १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना इंटरफेरॉन ही किल्ली सापडली. कुलपांची ओळख पटायला पुढे बरीच वर्षे गेली. त्यांची घराणी निरनिराळी. इंटरफेरॉनच्या रिसेप्टरांचे एक, टीएनएफचे दुसरे; केमोकाइनांचे रिसेप्टर तर पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेले.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनचे जनुक वेगळे केले, १९८८ मध्ये त्याच्या रिसेप्टरचे. गंमत अशी, की या रिसेप्टरची पेशीच्या आतली शेपटी अगदी आखूड. किल्ली बसली की तो जीपी१३० नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जुळतो आणि निरोप आत पोचवतो तो हा जोडीदार. टोसिलिझुमॅब कुलपाचे भोकच बुजवते. जपानमध्ये २००५ साली कॅसलमन रोगासाठी आणि २००८ साली संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली. गंभीर कोविडमध्ये असे निरोप बेसुमार वाढतात, म्हणून ते तिथेही वापरून पाहिले गेले.

ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत ४,११६ रुग्ण होते. २८ दिवसांत, इंजेक्शन न दिलेल्यांपैकी शंभरात ३५ दगावले, दिलेल्यांपैकी ३१. म्हणजे शंभरात चार वाचले. चार जीव थोडे नव्हेत. पण ३१ जण इंजेक्शन मिळूनही गेले.

हे आकडे मी पुतण्याला दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाना, म्हणजे आपण फिरायला कमी पडलो म्हणून गेले, असं नाही ना?"

"नाही रे बाळा," मी म्हणालो. हे वाक्य दोघांनाही हवे होते.