फ्रेंचभाषक अल्पसंख्याक व डिजिटल तंत्रज्ञान : कॅनडातील शासकीय साहाय्य

क्वेबेक प्रांताबाहेर राहणाऱ्या फ्रेंचभाषकांना इंटरनेट आणि इतर डिजिटल साधने स्वतःच्या भाषेत वापरता यावीत, यासाठी कॅनडाच्या केंद्र सरकारने १९९०च्या दशकापासून राबवलेल्या योजना, दिलेली अनुदाने आणि त्यांमागची कायदेशीर बांधिलकी. यांपैकी सर्वांत बोलके उदाहरण ‘फ्रांकोम्युनोते व्हिर्तुएल’ या अनुदान योजनेचे.

क्वेबेकबाहेर सुमारे दहा लाख लोक फ्रेंचभाषक म्हणून गणले जातात. निम्म्याहून अधिक एकट्या ओंटारिओत राहतात. न्यू ब्रन्सविकमधील अकेडियन म्हणवणारा फ्रेंचभाषक समाज त्या प्रांताच्या लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे, आणि घटनेने द्विभाषिक ठरवलेला तो एकमेव प्रांत होय. बाकीचे विखुरलेले : विनिपेगचा सँ-बोनिफास भाग, सस्कॅचेवानमधली गहू पिकवणारी गावे, थेट यूकॉन आणि इकालुइटपर्यंत. १९७१ साली क्वेबेकबाहेरच्या लोकसंख्येत या समाजाचा वाटा ६.१ टक्के होता; २०२१ मध्ये तो ३.३ टक्के उरला. माणसे घटली असे नाही, भोवतालची इंग्रजीभाषक लोकसंख्या वाढत गेली. अशा विखुरलेल्या समाजाला अंतर मिटवणारे तंत्रज्ञान वरदान ठरेल, हा सुरुवातीचा हिशेब होता. तो अर्धाच खरा ठरला.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्कूलनेट’ने शाळा जोडल्या. मागोमाग आलेल्या सामुदायिक प्रवेश कार्यक्रमाने ग्रंथालये आणि समाजमंदिरांत सार्वजनिक संगणक ठेवले. १९९९च्या मार्चअखेर देशातल्या सर्व शाळा व ग्रंथालये इंटरनेटला जोडल्याची घोषणा झाली. पण त्या जोडणीतून जे येई, ते बहुतांशी इंग्रजीत असे. क्वेबेकमध्ये वा फ्रान्समध्ये तयार होणाऱ्या संकेतस्थळांवर भाषा फ्रेंच असली, तरी मॅनिटोबातल्या शेतकऱ्याला लागणारी सरकारी माहिती किंवा अकेडियन शाळेचा इतिहास तिथे कुठून सापडणार? अक्षरांचीही अडचण होतीच. सुरुवातीच्या ई-मेल यंत्रणांत फ्रेंचमधली स्वरचिन्हे गळून पडत किंवा त्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत. कॅनडाच्या ‘डॉट सीए’ या पत्त्यांत स्वरचिन्हांसह नावे नोंदवण्याची सोय तर २०१३ मध्ये झाली. १९९९ मध्ये राजभाषा आयुक्तांच्या कार्यालयाने इंटरनेटवरील फ्रेंच आणि केंद्र सरकार या विषयावर खास अहवालच काढला.

‘फ्रांकोम्युनोते व्हिर्तुएल’ ही उद्योग खात्याची योजना याच काळातली. यंत्रे वाटण्यापेक्षा आशय, सेवा आणि प्रशिक्षण यांना पैसा द्यायचा, ही तिची कल्पना. अर्ज करणारे म्हणजे समाजाच्या संस्था, शाळा, सांस्कृतिक मंडळे. त्यांनी एकमेकांशी आणि जमल्यास खाजगी कंपन्यांशी भागीदारी करावी, अशी अपेक्षा. मार्च २००३ मध्ये मंत्री स्तेफान दियाँ यांच्या पुढाकाराने पाच वर्षांसाठी ७५.१३ कोटी डॉलरची राजभाषा कृतियोजना जाहीर झाली, तिच्यात या योजनेला जागा मिळाली. २००८ नंतरच्या पंचवार्षिक आराखड्यात मात्र ती दिसत नाही. योजनेचा खरा दुबळेपणा इथे आहे. प्रकल्पाला अनुदान मिळते, पण संकेतस्थळ चालते ठेवायला दरसाल माणूस लागतो, सर्व्हर लागतो, मजकूर ताजा करावा लागतो. मुदतीचे अनुदान आणि बिनमुदत गरज यांचा मेळ नंतरच्या योजनांनाही फारसा साधलेला नाही.

कायद्याची बाजू अधिक टिकाऊ निघाली. १९८८च्या राजभाषा कायद्याच्या सातव्या भागात भाषिक अल्पसंख्य समाजांच्या जोमदार वाढीला हातभार लावण्याचे सरकारने कबूल केले होते. मात्र ते न मानल्यास न्यायालयात दाद मागता येत नव्हती. सिनेटर झां-रोबेर गोतिए यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या दुरुस्तीमुळे २००५ मध्ये ती वाट खुली झाली. २००९च्या देरोशे खटल्यात ओंटारिओतील पेनेटांग्विशीनच्या फ्रेंचभाषकांची तक्रार याच उद्योग खात्याविरुद्ध होती. आर्थिक विकासाच्या सेवेची भाषा फ्रेंच केली म्हणजे भागले असे नाही, त्या सेवेचा आशयही समाजाच्या गरजेनुसार वेगळा असावा लागेल, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. गंमत अशी, की तत्त्व जिंकले तरी त्या प्रकरणाच्या पुराव्यावर अपील फेटाळले गेले. हा निकाल संगणकाविषयी नव्हता. तरी इंग्रजी संकेतस्थळाची हुबेहूब फ्रेंच आवृत्ती म्हणजे समानता, या सोयीस्कर समजुतीला त्याने धक्का दिला.

सार्वजनिक साधनांचे काम त्यामानाने शांतपणे झाले. २००९ मध्ये केंद्रीय अनुवाद विभागाने आपला ‘टर्मियम प्लस’ हा परिभाषाकोश विनामूल्य केला आणि त्याबरोबर भाषा-पोर्टलही उघडले. २०२१ मध्ये आलेले ‘मोरिल’ हे फ्रेंच व इंग्रजी शिकवणारे ॲप सार्वजनिक प्रसारण संस्थेने सरकारी पैशातून केले. त्याला ओंटारिओचे दिवंगत फ्रेंचभाषक खासदार मोरिल बेलांजे यांचे नाव आहे. शालेय आशयात प्रांतांचा वाटा मोठा, कारण शिक्षण हा प्रांतिक विषय. ओंटारिओच्या ‘टीएफओ’ या शैक्षणिक वाहिनीने स्वतःचे ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ उभारले.

२०२३ मध्ये राजभाषा कायदा पुन्हा दुरुस्त झाला. २०२३-२८च्या कृतियोजनेत सुमारे ४१० कोटी डॉलरची तरतूद आहे. दूरच्या वस्त्यांत ब्रॉडबँड पोहोचवण्याचा खर्च यात नाही. तो वेगळ्या निधीतून होतो आणि त्याचे उद्दिष्ट भाषेशी निगडित नसून २०३० पर्यंत प्रत्येक घर जोडण्याचे आहे. २०२३ मध्येच ऑनलाइन प्रसारण कायद्याने परदेशी स्ट्रीमिंग कंपन्याही प्रसारणाच्या नियामक आयोगाच्या कक्षेत आल्या. प्रसारणविषयक निर्णय घेताना भाषिक अल्पसंख्य समाजांशी सल्लामसलत करणे आयोगावर बंधनकारक आहे.