ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट

वरात बालाघाटची असो की पुण्याची, तिच्यापुढच्या बँडने ‘अलबेला’ चित्रपटातील एखादी चाल धरली की ती सी. रामचंद्रांची हे जाणते रसिक तत्काळ ओळखतात. मात्र त्या संगीतातील पितळी वाद्यांचा ठसका ज्यांच्या हातचा, त्या गोमंतकीय वादकाचे नाव थोड्यांनाच ठाऊक असते.

चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या या वादकाचे मूळ नाव आंतोनियु झेवियर वाझ. बार्देशातील हळदोणे येथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिनबरोबरच पाश्चात्त्य स्वरलेखनही शिकविले जाई. या विद्येच्या बळावर असंख्य गोमंतकीय तरुणांनी मुंबई गाठली.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ पासून अमेरिकेतील निग्रो कलावंतांचे वाद्यवृंद येऊ लागले आणि गोमंतकीय वादकांनी त्यांच्याकडून जाझ आत्मसात केले. वाझ यांनी आदर्श मानला तो लुई आर्मस्ट्राँग यांचा. तशीच ट्रम्पेटची झेप, तसाच घोगरा गळा. पुढे त्याच हॉटेलात त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद रंगू लागला.

परंतु १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि हॉटेलांतील रात्रींचा रंग ओसरू लागला. अशा वेळी वादकांना आधार होता तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा. तेथे संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. पण कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर धरावा, हे कागदावर उतरविण्याचे काम संयोजकाचे असे. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना पाश्चात्त्य तालांची गोडी आधीपासूनच होती; १९४७ च्या ‘शहनाई’त तिचा प्रत्यय येतो. वाझ त्यांचे साहाय्यक झाले आणि त्या गोडीला अनुभवी वाद्यवृंदाची जोड मिळाली.

भगवान यांचा ‘अलबेला’ १९५१ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी देव आनंद व मधुबाला यांच्या ‘नादान’ला वाझ यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. तथापि, स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांच्या वाट्याला मोजकेच चित्रपट आले. त्यांची बहुतेक कारागिरी दुसऱ्यांच्या चालींतच मुरून राहिली. ध्वनिमुद्रिकेवर गायक व संगीतकार यांची नावे छापली जात. संयोजकाचे व वादकांचे नाव सहसा नसे. १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, वाझ निवर्तले.

सुदैवाने ‘अलबेला’त ते व त्यांचे सहकारी पडद्यावरही दिसतात. तो चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला, तर भगवान व गीता बाली यांच्या नृत्यावरून नजर क्षणभर काढून त्या वादकांकडे वळवावी. चालीमागचा श्वास तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.